मास्तरीण कशानं गेली

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईघराला लागून, एक लांबट खोली आहे. सगळ्या वॉर्डांमधल्या फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, कडा विरलेले टॉवेल तिथे येऊन पडतात. खोलीत एक शिवणयंत्र, दोन कपाटं आणि एक मोठं टेबल. टेबलाला मधोमध काच बसवलेली आणि काचेखाली दिवा. चादर त्या काचेवरून हळूहळू सरकवायची, उजेड जिथे उघडा दिसेल तिथे भोक. त्याभोवती निळ्या पेन्सिलीनं गोल काढायचा, ठिगळ लावायचं, वॉर्डाचा शिक्का बघायचा आणि घडी घालून वर पाठवून द्यायची. एकतीस वर्षं हे काम एकाच बाईनं केलं. सफाईवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ठिगळताई म्हणत. "ठिगळच म्हणतात ना, भोक तर म्हणत नाहीत," असं त्या म्हणायच्या आणि आपणच हसायच्या.

ठिगळताईंनी लग्न केलं नाही. त्यामागे काही मोठी कहाणी नव्हती. आधी आईचं आजारपण, मग बघू, मग पुढच्या वर्षी, असं करता करता राहूनच गेलं. आई गेल्यावर त्या दादा-वहिनींकडे राहायला आल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दादा लिफ्टचे मेकॅनिक. वहिनी बुटांच्या दुकानात, दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून बूट चढवून देणाऱ्या. संध्याकाळी तिघं एकत्र आली की दादांचे हात दुखत असत, वहिनींचे गुडघे आणि ठिगळताईंचे डोळे. "तिघांचं मिळून एक धड माणूस होईल आपलं," दादा म्हणायचे.

दादा-वहिनींना एक मुलगी झाली होती. ती सव्वा महिन्याची होऊन गेली. ठिगळताई राहायला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

मांजर दादांनी आणलं. एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीत, ग्रीसमध्ये माखलेलं पिल्लू सापडलं, ते त्यांनी हत्यारांच्या पिशवीत पान्या-पकडींवर चिंधी टाकून घरी आणलं. राखी रंगाची मांजरी, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. अंघोळ घालून सोडल्याबरोबर ती कपाटावर चढली आणि तिघांकडे वरून अशी बघू लागली, की आता एकेकाची वही तपासणार.

"आली बघा मास्तरीण," दादा म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

मास्तरीण दादांची होती. वाढायच्या वहिनी, घाण काढायच्या ठिगळताई, पण ती ओळखायची फक्त दादांना. त्यांच्या चपलांचा आवाज पहिल्या मजल्यावर आला की ती दाराशी जाऊन बसे. अशी बारा-साडेबारा वर्षं गेली.

एका रविवारी दुपारी दादा कुठेतरी अडकलेली लिफ्ट सोडवून घरी आले आणि छातीत जळजळतंय म्हणाले. वहिनींनी गार दूध दिलं, जरा आडवे व्हा म्हणाल्या. तासाभरात सगळं आटोपलं. ठिगळताई त्या दिवशी जादा पाळीवर होत्या, तळघरात. शेजाऱ्यांनी दादांना त्याच रुग्णालयात आणलं होतं. निरोप मिळाल्यावर त्या जिना चढून धावत वर गेल्या, तेव्हा तिथले डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणायला उशीर झाला."

उशीर कुणी केला, हे डॉक्टर बोलले नाहीत. ठिगळताईंनीही विचारलं नाही. पण ते वाक्य त्यांच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं.

घरात आता दोघी उरल्या. रक्ताचं नातं नाही, ज्याच्यामुळे नातं जडलं तो माणूस नाही. "वन्सं, चहा ठेवलाय." "वहिनी, दिव्याचं बिल भरलं." एवढ्यावर दिवस जायचा. दोघी एकमेकींना अहो-जाहो करत आणि एकमेकींसमोर रडत नसत. ठिगळताई नळ सोडून न्हाणीघरात रडायच्या. वहिनी कुठे रडायच्या कोण जाणे. मास्तरीण मात्र रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसायची, तासभर बसून परत यायची, आणि त्या वेळी दोघीही दुसरीकडे बघत.

दादांना जाऊन वर्ष झालं असेल. वहिनींच्या दुकानात दर्शनी काचेची मांडणी बदलली, आणि तिथली एक कुंडी मालक टाकून देणार होता, ती वहिनी घरी घेऊन आल्या. लांब लांब हिरवी पानं, मधून पांढरा पट्टा, आणि कडेनं लोंबणाऱ्या दांड्यांवर छोटी छोटी पिल्लं. स्पायडर प्लांट म्हणतात ते. दोघी त्याला पट्ट्यांचं झाड म्हणू लागल्या. वहिनींनी ते खिडकीच्या गजाला टांगलं. दादा गेल्यापासून त्यांनी हौसेनं केलेली ती पहिलीच गोष्ट होती.

मास्तरणीला ते झाड भलतंच आवडलं. खिडकीत उभी राहून ती लोंबणारी पानं चघळायची, कधी कधी मग कोपऱ्यात जाऊन ओकायची. वहिनी पुसून घ्यायच्या. "गवत खातात हो मांजरं, पोट साफ व्हायला."

त्याच सुमारास मास्तरीण पाणीही फार पिऊ लागली. वाटी संपवून न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालायची. वहिनी एकदा म्हणाल्या, "वन्सं, ही पाणी फार पिते हो हल्ली. आणि वाळलीय पण. दाखवून आणूया का?"

"म्हातारी झालीय," ठिगळताई म्हणाल्या. "आणि शिकवून शिकवून घसा नाही का कोरडा पडणार मास्तरणीचा!"

दोघी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या होत्या, म्हणून विषय तिथेच राहिला.

चारेक महिन्यांनी मास्तरणीनं खाणं सोडलं. उलट्या थांबेनात. पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनर काकू डोकावून म्हणाल्या, "घरात झाडं आहेत ना? मग झालं! मी कुठेतरी वाचलंय, घरातली झाडं मांजरांना विषारी असतात." ठिगळताईंनी रजा टाकली आणि मांजरीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरनं मांजरीचं पोट चाचपलं, सलाइन लावलं, रक्त काढून घेतलं आणि विचारलं, "काही खाल्लंय का हिनं? औषध, साबण, एखादं झाड वगैरे?"

"झाड खाल्लंय," ठिगळताई म्हणाल्या.

"कुठलं?"

त्यांना नाव सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाला, रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी येईल, तोवर बघू. त्यानं विचारला होता प्रश्न. ठिगळताई घरी आल्या त्या निकाल घेऊनच.

मास्तरीण दुसऱ्याच दिवशी सकाळी गेली. वहिनी तेव्हा दुकानात होत्या. त्या संध्याकाळी परतल्या तोपर्यंत ठिगळताईंनी मांजरीला जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून इमारतीमागच्या भिंतीशी पुरलं होतं आणि पट्ट्यांचं झाड, कुंडीसकट, कचऱ्याच्या पिंपात घातलं होतं.

वहिनी रिकाम्या गजाकडे बघत राहिल्या. "झाड कुठंय?"

"तुझ्या त्या झाडानं खाल्लं तिला," ठिगळताई म्हणाल्या.

वीस वर्षांत पहिल्यांदाच 'तू'. मग जे तोंडाशी साठलं होतं ते थोपवता आलं नाही.

"आधी माझा भाऊ, आता हे मांजर. गार दूध पाज आणि झोपव! तुझ्या हाताखाली काही जगतच नाही."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. 'काही जगतच नाही' या तीन शब्दांत दादा होते, मांजर होतं, आणि एक सव्वा महिन्याचं बाळही होतं. ठिगळताईंच्या मनात ते बाळ नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं त्यांनी. पण वहिनींचा चेहरा ज्या रीतीनं पांढरा पडला त्यावरून समजलं, शब्द कुठपर्यंत गेला ते. तेव्हाच माफी मागायला हवी होती. ठिगळताई न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी नळ सोडला.

वहिनी आठ दिवस तिथे राहिल्या. वेळेवर चहा केला, भांडी घासली, बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी दोन पिशव्या दाराशी ठेवून त्यांनी सांगितलं, की दुसऱ्या गावी नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचं काम मिळालंय, राहायला खोली आहे. "किल्ली टेबलावर ठेवली आहे. गॅसचा नळ ढिला झालाय, बघून घ्या." ठिगळताई "बरं" म्हणाल्या.

त्यानंतर चार वर्षं त्या एकट्या राहिल्या. वर्षातून एक-दोनदा फोन व्हायचा, कागदपत्रांच्या कामापुरता. लोकांनी विचारलं तर त्या सांगायच्या, "वहिनींना चांगली नोकरी लागली." मनात मात्र स्वतःला बजावायच्या, मी काही खोटं बोलले नव्हते. झाड तिनंच आणलं होतं.

मग एका सोमवारी रुग्णालयाच्या माळ्यानं तळघराच्या मार्गिकेत कुंड्या आणून मांडल्या. वरच्या मजल्यावर रंगकाम चाललं होतं, तोवर इथे राहू देत म्हणाला. लांब पानं, मधून पांढरा पट्टा. धुलाईघराच्या उबेला एक भटकी मांजर पिल्लांना घेऊन राहत असे. ठिगळताई शिवणयंत्र सोडून बाहेर आल्या.

"हे इथून उचला आधी! मांजरं आहेत इथे. खाल्लं तर मरतील."

माळी हसला. "हे? अहो ताई, हे खाऊन कोण मरतंय! माझ्या घरी दोन बोके आहेत, रोज कुरतडतात. जास्त खाल्लं तर ओकतात, बस्स. मांजर असेल तिथे लिली ठेवू नका म्हणा, ती मुळावर येते. हे बिचारं गवतासारखंच."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"एवढी वर्षं झाडंच करतोय की मी."

ठिगळताई आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी एका चादरीला दोनदा ठिगळ लावलं. पाळी संपल्यावर त्यांनी एक पान तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. आता तिथे एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं, पुस्तक काढून त्यातलं चित्र दाखवलं. "माळी बरोबर सांगतोय. याच्यात विष नाही. मांजरांना आवडतं हे, उलटी होते फार तर. का हो, तुमचं मांजर आजारी आहे?"

"गेलं. चार वर्षं झाली."

"इथेच आणलं होतं? नाव काय होतं?"

"मास्तरीण."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण समोरचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी जुनी खोकी काढली. धूळ झटकून एक पिवळं कार्ड आणलं आणि त्याला टाचलेला, घडी न मोडलेला कागद. रक्ताचा रिपोर्ट. तो न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"किडन्या गेल्या होत्या हो तिच्या," त्या वाचत म्हणाल्या. "एका दिवसात नाही जात असं. वर्षभर तरी चाललेलं असणार. म्हाताऱ्या मांजरांना होतं. पाणी फार प्यायची का? वाळली होती?"

ठिगळताईंनी मान हलवली.

"तेच ते. लवकर आणली असती तर थोडे महिने मिळाले असते कदाचित. बरी नसती झाली. मनाला लावून घेऊ नका."

पण मनाला काय लागलं होतं ते त्यांना कसं कळणार! बादलीत तोंड घालणारी मास्तरीण, दाखवून आणूया का म्हणणाऱ्या वहिनी, आणि आपला तो कोरड्या घशाचा विनोद. ठिगळताई रिपोर्ट पर्समध्ये घालून रस्त्याला लागल्या. कितीतरी वेळ त्या उलट्या दिशेनंच चालत होत्या.

त्या शनिवारी त्यांनी सकाळची बस धरली. तीन तासांचा रस्ता. काय बोलायचं ते मनात दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा मोडलं.

वसतिगृहाच्या दाराशी एक छोटं ऑफिस होतं. भिंतीवर किल्ल्यांचा फळा, टेबलावर रजिस्टर, आणि खुर्चीवर वहिनी. केस पार पांढरे झालेले, एक पाय स्टुलावर ठेवलेला. ठिगळताईंना बघून त्या उठू लागल्या.

"बसा, बसा. गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर. काय झालं वन्सं? तुम्ही बऱ्या आहात ना?"

जुळवलेलं सगळं विसरून ठिगळताईंनी पर्समधून कागद काढला आणि रजिस्टरवर ठेवला. "वहिनी, झाड निर्दोष होतं. तिच्या किडन्या गेल्या होत्या. हा रिपोर्ट आहे."

वहिनींनी चष्मा चढवला, कागद पाहिला, न वाचताच परत केला. "झाडाचं मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"तुम्ही बोललात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दुकानाशेजारी रोपवाटिका होती ना, तिथे जाऊन विचारलं. पिंपातलं पान नेलं होतं काढून."

"मग मला सांगितलं का नाहीत? आठ दिवस होतात घरात!"

तेवढ्यात एक मुलगी खोलीची किल्ली मागायला आली. वहिनींनी तिला किल्ली दिली, सही घेतली, गिझर बंद करून जा म्हणून बजावलं. ती गेल्यावर म्हणाल्या, "सांगून काय झालं असतं, वन्सं? झाड सुटलं असतं. मी कुठे सुटणार होते?"

ठिगळताईंनी रिपोर्टची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"गार दूध मीच दिलं होतं," वहिनी म्हणाल्या. "ते तुम्ही सांगायला नको होतं मला. रोज आठवतं. तुम्ही बोलला नसतात तरी आठवलं असतं. पण तुम्हीही तसंच धरून बसला आहात, हे मला माहीत नव्हतं. आणि बाळाचं..." त्या थांबल्या. "बाळाचं तुमच्या मनात नव्हतं, ते कळतं मला. पण कानावर पडलं ते पडलं."

"वहिनी, मी चुकले. पाया पडते तुमच्या."

"नका हो. जन्मभर तेच तर केलंय मी, लोकांच्या पायाशी बसणं. बरं नाही दिसत." वहिनी जराशा हसल्या, मग डोळे पुसले. "राग गेलाय माझा. केव्हाच गेला. पण मन तसं होत नाही आता. खोटं कशाला बोलू?"

दुपारी त्यांनी मेसमधून दोन ताटं आणवली. जेवताना इकडचं तिकडचं बोलणं झालं. गॅसचा नळ दुरुस्त केला का, पेन्शनर काकू कशा आहेत. ठिगळताईंनी सांगितलं, की त्या पुढल्या वर्षी निवृत्त होतायत. "घर मोठं वाटतं एकटीला. येता का परत? तुमचंच आहे ते."

"मुली सवयीच्या झाल्यात माझ्या," वहिनी म्हणाल्या. "आणि तो जिना मला चढवणार नाही." जिन्याचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं, हे दोघींनाही कळलं.

चारच्या बसला वहिनी सोडायला आल्या, नको नको म्हणत असतानाही, कठड्याला धरत, थांबत थांबत. बस यायची होती. बाकावर बसल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "वन्सं, तिला त्रास झाला का हो फार? शेवटी? तेव्हा विचारायचं राहिलंच."

ठिगळताईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, की मास्तरीण मांडीवर गेली. डोकं थोपटत होते, झोपल्यासारखी गेली. चार वर्षांत हे इतक्या वेळा सांगून झालं होतं, की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

"मी नव्हते जवळ," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत घालत होते. दहा मिनिटं झाली असतील. आत आले तर दाराशी पडलेली. सरपटत गेली होती तिथपर्यंत. कुणालाच नाही सांगितलं मी."

वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. "मी पण स्वयंपाकघरात होते," त्या म्हणाल्या. "दुधाचा पेला विसळत होते. बाहेर आले तर हे गेलेले."

बस आली. वहिनींनी पर्स हातात दिली, पायरी उंच आहे, जपून, म्हणाल्या. ठिगळताईंना खिडकीची जागा मिळाली, पण बस वळल्यामुळे फलाट दुसऱ्या बाजूला गेला आणि त्यांना मागे वळून बघता आलं नाही.

वहिनी परत आल्या नाहीत. ठिगळताई निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते त्यांनी अजून लावलेलं नाही. आता रविवारी दुपारी त्या फोन करतात. दोन-चार मिनिटं बोलणं होतं, गुडघे, हवा, मुलींच्या परीक्षा. दोघी अजून अहो-जाहोच करतात. कधी एकीचं बोलणं संपतं आणि दुसरीला काही सुचत नाही, तरी फोन लगेच कुणी ठेवत नाही.